अंतराळातल्या बंडखोर फौजींचा पगार कोण देतं? : मराठी विज्ञानकथाकारांना खुलं पत्र

मराठीत विज्ञानकथा लिहिणाऱ्या, छापणाऱ्या आणि कथास्पर्धांना परीक्षक म्हणून बसणाऱ्या सर्व मंडळींना,

स. न. वि. वि.

दिवाळी अंकांची जुळवाजुळव आषाढातच सुरू होते असं ऐकून आहे, म्हणून हे पत्र आत्ताच लिहितोय. भाद्रपदात लिहिलं असतं तर वरातीमागून घोडं झालं असतं.

विषय असा. विज्ञानकथांमध्ये, मराठीत आणि बाहेरही, एक टोळी मला वारंवार भेटते. मंगळावर नाहीतर लघुग्रहांच्या पट्ट्यात कधीतरी मोठं युद्ध होऊन गेलेलं असतं. त्यात लढलेले पाच-सात जण एक जुनाट यान घेऊन फिरत असतात. कप्तानाच्या गालावर व्रण असतो, एक डॉक्टर असतो, एक कमी बोलणारा नेमबाज असतो. सरकारने दगा दिला म्हणून ते कायद्याबाहेर गेलेले. मालवाहू यानं लुटतात, पण गरिबाला हात लावत नाहीत. एकमेकांना भाऊ म्हणतात आणि एकमेकांसाठी मरतात.

वाचायला झकास वाटतं, मीही वाचतो. पण या टोळीतल्या एकाचाही पगार कधी थकलेला नसतो. कुणाला पेन्शन लागू होत नाही, कुणाच्या बायकोचं पत्र येत नाही, इंधनाचं बिल कुणी मागत नाही. ते चिडलेले आहेत एवढ्यावर सगळी कथा उभी असते. नुसत्या चिडीवर माणूस वीस वर्षं दरोडे घालत नाही हो.

मी लेखक नाही, समीक्षक तर नाहीच. सैन्यात कारकून होतो, हवालदार म्हणून निवृत्त झालो. बंदूक धरली ती प्रशिक्षणापुरती आणि वार्षिक फायरिंगपुरती. बाकी नोकरी पगाराच्या नोंदी, रजेचे अर्ज आणि पार्ट टू ऑर्डरी यांत गेली. जवानाचं लग्न झालं, मूल झालं, की त्याची नोंद पार्ट टू ऑर्डरने होते. ती झाली नाही तर सरकारच्या लेखी त्याला बायकोच नसते. डिस्चार्ज जवळ आलेला माणूस हातात क्लिअरन्सचा कागद घेऊन स्टोअर, मेस, कँटीन, लायब्ररी असा फिरतो आणि 'काही येणं नाही' अशा सह्या गोळा करतो. असाच एक नाईक माझ्या टेबलासमोर उभा होता. बर्फातल्या पोस्टवर पायाची दोन बोटं गेलेली. रेकॉर्डला बायकोचं नाव 'शालन', आधारवर 'शालिनी'. बोटं गेली त्याबद्दल तो कधी अवाक्षर बोलला नव्हता. पण या दोन नावांची एकच बाई आहे हे आता कुठल्या कचेरीत, कुणापुढे सिद्ध करायचं, या विचाराने त्याच्या कपाळाला घाम आला होता.

हे सांगायचं कारण एवढंच की बंदूक घेऊन चालणाऱ्या माणसाच्या मागून एक कचेरी चालत असते. त्याला जेवण, दारूगोळा, पत्र, पगार आणि शेवटी पेन्शन ती पोचवते. युद्ध संपलं आणि ही कचेरी थांबली, की मग तुमची कथा सुरू होते. इतिहासात जिथे जिथे फौजी लुटारू झाले तिथे आधी कचेरी बंद पडलेली दिसते, आणि लवकरच दुसरी कुणीतरी उघडलेलीही दिसते.

लांब कशाला जायचं, आपल्याकडचे पेंढारी घ्या. आपल्या मनात पेंढारी म्हणजे आकाशातून पडलेले राक्षस. प्रत्यक्षात मराठी फौजांच्या मागेपुढे चालणारे हे बिनपगारी घोडेस्वार. शिंद्यांकडचे ते शिंदेशाही, होळकरांकडचे होळकरशाही. पगार नाही, त्याऐवजी शत्रूच्या मुलखात लुटीची मुभा, आणि त्या मुभेबद्दल उलट त्यांनीच सरकारात पालपट्टी नावाचा कर भरायचा. म्हणजे लुटीचं लायसन्सच म्हणा. मग १८०२च्या अखेरीस वसईचा तह झाला, १८०३ साली इंग्रजांशी युद्ध झालं, दरबारांना मोठ्या फौजा पोसणं जमेना, आणि ज्यांना तैनाती फौज घ्यावी लागली त्यांना स्वतःच्या फौजेची गरजच उरली नाही. नोकरी गेलेले शिपाई कुठे गेले असतील? नर्मदेच्या खोऱ्यात चितू, करीमखान, वासिल महंमद यांच्या टोळ्या फुगत गेल्या त्या काही हवेतून नाही.

आता याच पेंढाऱ्यांची दुसरी बाजू. १८१६ साली ते गुंटूरकडे उतरले. त्या धाडीची कंपनी सरकारने मोजदाद केली : साधारण बारा दिवसांत ३३९ गावं लुटली, १८२ माणसं मारली, ५०५ जखमी, आणि ३,६०३ लोकांचा छळ. छळ कसा, तर घोड्याच्या तोबऱ्यात गरम राख भरायची, तो तोंडाला बांधायचा आणि पाठीवर रट्टे घालायचे, म्हणजे श्वासासरशी राख आत. पैसे कुठे पुरलेत ते माणूस सांगून टाकतो. सांगायला श्वास उरला असेल तर. मोजदाद करणारी कंपनी स्वतः काही संत नव्हती आणि पेंढाऱ्यांचं भूत मोठं करण्यात तिचा फायदा होता, हे मान्य. तरी त्या गावातल्या माणसाला हा स्वार पूर्वी कुठल्या दरबाराने फसवला होता याच्याशी काय घेणं होतं?

तुमच्या कथांत हा गावातला माणूस जवळजवळ नसतोच. मालवाहू यान लुटलं जातं ते कुठल्या तरी बड्या कंपनीचं, आणि त्यावर जणू कुणी नोकरीच करत नसतं. त्या यानातही एखादा खलाशी असेल, वसाहतीतल्या दवाखान्यासाठी औषधं नेणारा, लुटीचे पैसे ज्याच्या पगारातून कापले जाणार आहेत असा. एकदा त्याच्या डोळ्यांनी गोष्ट सांगून बघा.

पेंढाऱ्यांचा शेवटही बघण्यासारखा आहे. १८१७-१८ मध्ये कंपनीचा गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याने लाखाहून मोठी फौज उतरवून चारी बाजूंनी कोंडी केली. त्यातला अमीरखान हा तसा पठाणांच्या फौजेचा सरदार, पण पेंढाऱ्यांचा पाठीराखा. त्याने वेळेवर करार केला आणि तो टोंकचा नवाब झाला. करीमखान शरण आला, त्याला गोरखपूरकडे जमीन मिळाली. चितू शेवटपर्यंत हाती लागला नाही, असीरगडच्या रानात त्याला वाघाने खाल्लं. एकाला नवाबी, एकाला शेती, एकाला वाघ. तिघांच्या शौर्यात किंवा क्रौर्यात एवढा फरक नव्हता. ज्याच्याकडे देवाणघेवाण करण्याजोगं जास्त होतं, तो जास्त वर बसला. बंडखोरांची टोळी शेवटी फुटते ती बहुधा अशी, तहाच्या वेगवेगळ्या कलमांवर. तुमच्या कथेत मात्र ती फुटते एका गद्दारामुळे, आणि त्या गद्दाराचे डोळे पहिल्या पानापासून बारीक असतात.

आता अंतराळात या. पेंढाऱ्याचा घोडा वाटेत गवत खायचा, स्वार वाटेतल्या गावात भाकरी हिसकावून घ्यायचा. म्हणून त्याला थोडंफार स्वतंत्र राहता आलं. यानाला वाटेत चारा नाही. माणसाला दिवसाला सुमारे ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो, पाणी लागतं, कार्बन डायऑक्साईड काढून टाकणारी यंत्रणा लागते आणि तिचे सुटे भाग लागतात. अंतराळ स्थानकावर आता पाण्याचा ९८ टक्क्यांपर्यंत पुनर्वापर करून दाखवलाय, पण तो करणारी यंत्रं दुरुस्त ठेवायला खालून सतत सामान जातं. दहा जणांची टोळी महिनाभरात अडीचशे किलो ऑक्सिजन नुसता श्वासात संपवेल. तो कोण देतं? इंजिनाची गळती कोण काढतं? लुटलेलं टायटॅनियम कोण विकत घेतं आणि कुठल्या पावतीवर?

म्हणजे अंतराळातला लुटारू पेंढाऱ्याहून जास्त परावलंबी आहे. कुठलं तरी प्रतिष्ठित बंदर, लायसन्स असलेला कुणी तरी व्यापारी, एखाद्या गव्हर्नरचा मेहुणा त्याच्या पाठीशी असल्याशिवाय तो दोन महिने टिकत नाही. तुमच्या कथेतला खरा महत्त्वाचा माणूस तोच. टोळीला वाटतं आपण व्यवस्थेच्या बाहेर आहोत, आणि त्यांच्या हवेचं बिल व्यवस्थेतला माणूस भरत असतो. भरतो तेव्हा काहीतरी मागतोही. पालपट्टी इथेही आली.

लपण्याचंही तसंच. लघुग्रहाच्या आडोशाला यान लपवून बसायचं हे चित्रात छान दिसतं. पण माणसं जिवंत ठेवायची तर यानाच्या आत खोलीइतकी ऊब हवी, आणि ती ऊब उष्णतेच्या रूपाने बाहेर पडणारच. भोवतालचं अवकाश उणे २७० अंशांच्या आसपास. त्या काळोखात उबदार यान चांगल्या दुर्बिणीला दिसल्याशिवाय राहत नाही, आणि इंजिन पेटवलं तर आणखी लांबून दिसतं. पाठलागाचं गणितही सिनेमासारखं नाही. कक्षेत पुढे असलेल्या यानाला गाठायचं तर आधी वेग कमी करून खालच्या कक्षेत उतरावं लागतं. कक्षेची पातळी ६० अंशांनी फिरवायची म्हटलं तर जेवढा कक्षेतला वेग तेवढाच वेग नव्याने द्यावा लागतो, पृथ्वीजवळ सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त. एवढं इंधन घेऊन कुणी दरोड्याला निघत नाही. त्यामुळे लूट होईल ती यान कुठे, कधी येणार हे आधी कळलेल्या ठिकाणी. म्हणजे बंदरातल्या कारकुनाला फोडावं लागणार. (आमच्या जमातीचा उल्लेख झाला की बरं वाटतं.)

पेंढारी दसरा झाला, नद्या उतरल्या की निघायचे. पृथ्वीहून मंगळाकडे कमी इंधनात जाण्याची वेळ साधारण २६ महिन्यांनी एकदा येते आणि प्रवासाला आठ-नऊ महिने लागतात. मंगळाच्या वाटेवरच्या लुटीलाही असा हंगाम असणार. हंगामाआधीची उधारी, हंगाम वाया गेला तर सावकाराचा तगादा, मधल्या काळातली रिकामी भांडणं. एवढ्या सामग्रीवर कादंबरी होते, आणि आपण तिथे लेझरच्या चकमकी घालतो.

टोळीच्या भाईबंदीबद्दलही बोलायला हवं, कारण तिच्यावर तुम्ही सगळ्यात जास्त शाई खर्च करता. अठराव्या शतकातल्या अटलांटिकमधल्या चाच्यांचं उदाहरण घेतो. स्पेनच्या गादीचं युद्ध १७१३च्या युट्रेक्टच्या तहाने आटोपलं आणि इंग्लंडच्या नौदलाने सुमारे पन्नास हजारांवरून आपली माणसं दोन-तीन वर्षांत चौदा हजारांच्या घरात आणली. ज्यांच्याकडे युद्धकाळात शत्रूची जहाजं लुटण्याचे राजाचे परवाने होते, त्यांचे परवाने रद्द. काम तेच, हात तेच, जहाज तेच. कालपर्यंत देशसेवा होती ती आज फाशीचा गुन्हा. १७१५ साली स्पेनचा खजिन्याचा ताफा फ्लोरिडाजवळ वादळात बुडाला, तिकडे सगळे धावले आणि बहामातलं नासाऊ चाच्यांचं गाव बनलं.

त्यांच्या जहाजांवर कलमं लिहिलेली असत. बार्थोलोम्यू रॉबर्ट्सच्या जहाजाची कलमं छापील उपलब्ध आहेत. प्रत्येकाला मत. कप्तानाला दोन वाटे, म्हणजे साध्या खलाशाच्या फक्त दुप्पट. रात्री आठनंतर दिवे बंद. वाजंत्र्यांना रविवारची सुट्टी. आणि मला सगळ्यात आवडलेलं कलम : कामात हातपाय गेला तर सामाईक गंगाजळीतून ८०० डॉलर, कमी इजेला त्या प्रमाणात. ही डिसॅबिलिटी पेन्शनच की! भाईबंदी म्हणजे प्रत्यक्षात हे. गळ्यात गळे घालून गाणी म्हणणं नंतर येतं. बंद पडलेल्या कचेरीच्या जागी या लोकांनी स्वतःची कचेरी उघडली होती, आणि त्यातला हिशेब सगळ्यांना दिसत होता. तुमच्या टोळीची कलमं लिहा. डोळा गेला तर किती, मेलेल्याचा वाटा कुणाला, सोडून जायचं तर काय परत करायचं. पानभर लिहा, वाचक कंटाळणार नाही.

आणि माफीनामा विसरू नका. १७१७च्या सप्टेंबरात राजाने चाच्यांना माफी जाहीर केली, पुढच्या वर्षी जुलैत वूड्स रॉजर्स गव्हर्नर म्हणून नासाऊला उतरला. बेंजामिन हॉर्निगोल्ड हा तिथला जुना म्होरक्या. त्याने माफी घेतली आणि सरकारी पगारावर जुन्या साथीदारांची शिकार करायला निघाला. त्याच्याच हाताखाली तयार झालेला ब्लॅकबिअर्ड १७१८च्या नोव्हेंबरात दुसऱ्यांच्या हातून मारला गेला. हॉर्निगोल्डला विकला गेलेला म्हणायचं, की नोकरीवर परत घेतला गेलेला जुना फौजी? मला ठरवता येत नाही, आणि म्हणूनच त्याच्यावर कथा व्हावी असं वाटतं. जाता जाता : ब्लॅकबिअर्डचं गाजलेलं जहाज मुळात गुलाम वाहणारं फ्रेंच जहाज होतं. मतदानाचा हक्क त्यातल्या गुलामांपर्यंत पोचला असेल अशी समजूत करून घेऊ नका.

इतिहासात अशी उदाहरणं पुष्कळ आहेत. फ्रान्स-इंग्लंडमध्ये १३६० साली तह झाला आणि बेकार शिपायांच्या टोळ्यांनी त्याच वर्षाअखेरीस आव्हिन्यॉंजवळचं एक गाव बळकावून तेव्हा आव्हिन्यॉंत राहणाऱ्या पोपला धमकावलं, १३६२ साली ब्रिन्येला तर राजाच्या फौजेचाच पराभव केला. पण पुढे जातो, कारण एका उदाहरणाबद्दल मला तुम्हाला सावध करायचंय.

अमेरिकन अंतराळकथांतून आपल्याकडे आलेला हरलेल्या बाजूचा शूर फौजी, कोट घालून, पिस्तूल लावून, सरकारला न जुमानता फिरणारा, त्याचं मूळ बहुतेक तिथल्या यादवी युद्धानंतरच्या दरोडेखोरांत आहे. जेसी जेम्स मिसूरीतला, दक्षिणेच्या बाजूने गनिमी टोळ्यांत लढलेला, तेव्हा पोरसवदा होता. युद्ध संपल्यावर बँका आणि आगगाड्या लुटल्या. जॉन न्यूमन एडवर्ड्स नावाचा संपादक, स्वतः दक्षिणेच्या फौजेतला, त्याने वर्तमानपत्रातून त्याला गरिबांचा कैवारी बनवलं. जेम्सच्या घरी गुलाम होते आणि तो ज्या बाजूने लढला ती बाजू गुलामगिरी टिकवायला लढत होती, हे त्या गोष्टीतून हळूच गळून पडलं. नंतर कोट आणि पिस्तूल अवकाशात गेलं, लढाईचं कारण खालीच राहिलं. आपण ते पात्र जसंच्या तसं उचलून त्याला 'कॅप्टन भोसले' नाव दिलं म्हणून ते आपलं होत नाही. तुमचा बंडखोर ज्या युद्धात हरला ते कशासाठी होतं हे आधी ठरवा. त्याची बाजू चुकीची होती असं ठरवलंत तरी चालेल. चुकीच्या बाजूने लढून दोन बोटं गमावलेला माणूस, हा विषय तुम्हा लोकांना अवघड का वाटावा?

आता उलट बाजू, जे फौजी फसवले गेले आणि तरी लुटारू झाले नाहीत ते. १८ फेब्रुवारी १९४६ला मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या तळावर खलाशांनी संप केला. निकृष्ट जेवण, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या, पगारातला भेद, आणि युद्ध संपल्यावर आपलं पुढे काय, ही चिंता. दोन-तीन दिवसांत पाऊणशेच्या वर जहाजं आणि हजारो खलाशी त्यात होते. मुंबईच्या बंदरात तोफा त्यांच्या हातात होत्या. शहर त्यांच्या बाजूने रस्त्यावर आलं, गोळीबारात दोनशेहून जास्त माणसं गेली. आणि २३ तारखेला सरदार पटेलांचा निरोप मानून त्यांनी शस्त्रं खाली ठेवली. कित्येकांना बडतर्फ केलं गेलं आणि स्वातंत्र्यानंतरही नौदलाने त्यांना परत घेतलं नाही. फसवणूकच म्हणायची तर याहून मोठी कुठली? तरी त्यांतल्या कुणी जहाज पळवून अरबी समुद्रात चाचेगिरी केली नाही. त्यांनी मस्तुलांवर काँग्रेस, लीग आणि कम्युनिस्टांचे झेंडे लावले होते. आपलं ऐकून घेईल असं कुणीतरी किनाऱ्यावर आहे ही खात्री त्यांना होती, आणि ती अर्धीमुर्धीच खरी ठरली.

अंतराळातही एक खराखुरा माणूस असा अधांतरी राहिलेला आहे. सर्गेई क्रिकालेव. फौजी नव्हे, अभियंता. १८ मे १९९१ला सोविएत संघातून 'मीर' स्थानकावर गेला. तो वर असतानाच देश संपला. त्याच्या जागी जायच्या अभियंत्याची खुर्ची ऑस्ट्रियन आणि कझाक पाहुण्यांना गेली, कारण एकीकडे परकीय चलन हवं होतं, दुसरीकडे यानं सोडण्याचा बैकानूरचा तळ कझाकस्तानात होता. ३११ दिवसांनी, २५ मार्च १९९२ला तो उतरला तेव्हा त्याच्या लेनिनग्राडचं सेंट पीटर्सबर्ग झालेलं होतं. तो बिचारा सज्जन. पुढे अमेरिकन शटलमधून गेला, आंतरराष्ट्रीय स्थानकाच्या पहिल्या तुकडीतही होता. पण याच देशाने १९७४ साली 'साल्युत-३' हे लष्करी स्थानक तोफ बसवून वर पाठवलं होतं आणि १९७५च्या जानेवारीत ती तोफ अवकाशात डागूनही बघितली होती. आता दोन्ही गोष्टी एकत्र करा. तोफ असलेलं स्थानक, आत सहा सैनिक, आणि ज्या सरकारने पाठवलं ते सरकारच नाही. १९६७चा अंतराळ करार सांगतो की यानावर आणि त्यातल्या माणसांवर अधिकार ज्या देशाच्या नोंदवहीत ते यान आहे त्याचा. नोंदवहीच जळाली तर? वारस देश म्हणाला, यान आमचं, पण जुने पगार आमचे नाहीत, तर? ही माणसं कायद्याबाहेर गेलीच नाहीत, कायदा त्यांच्याखालून निघून गेला. अशी टोळी मला अजून कुठल्या दिवाळी अंकात भेटलेली नाही.

त्यात शरीराची भर घाला. वजनरहित अवस्थेत कमरेची हाडं महिन्याला एक ते दीड टक्का विरळ होतात. रोज दोन तास व्यायाम केला तर बरंच भरून निघतं, पण लढाईच्या यानावर व्यायामाला वेळ कोण देतो? वीस वर्षं कमी गुरुत्वाकर्षणात काढलेल्या शिपायाला डिस्चार्ज मिळाला आणि पृथ्वीवर उतरला तर उभं राहतानाच त्याचं खुब्याचं हाड मोडेल. मग मेडिकल बोर्ड बसणार. हा आजार नोकरीमुळे झाला की नाही, हा प्रश्न तिथे येणारच, कारण त्यावरच डिसॅबिलिटी पेन्शन ठरते. फाईल खालून वर, वरून खाली फिरणार. तोवर माणूस कुठे राहणार? घर खाली आहे आणि खाली जाता येत नाही. कक्षेतल्या भाड्याच्या खोलीत हवेचं मीटर चालू आहे. त्याच्याकडे विकण्यासारखं एकच कौशल्य आहे आणि शेजारच्या खोलीत त्याच्याच पलटणीतले चौघे याच अडचणीत बसलेले आहेत.

बंड होतं ते इथे.

आपल्याकडेही नोकरीची मुदत हा ताजा विषय आहे. पूर्वी पंधरा वर्षं झाली की शिपायाला पेन्शन लागू व्हायची. २०२२ पासून अग्निवीर भरती चार वर्षांसाठी होते, त्यातले २५ टक्क्यांपर्यंत पुढे कायम होतात, बाकीच्यांना एकरकमी पैसे मिळतात, पेन्शन नाही. योग्य की अयोग्य यावर वाद घालायला हे पत्र नाही, आणि आमच्या साताऱ्याकडची पोरं उगाच बंदुका घेऊन डोंगरात जाणार नाहीत, हेही सांगून ठेवतो. पण शंभर वर्षांनंतरच्या भरतीची अट काय असेल, किती वर्षांचा करार, परतीचं तिकीट कुणाच्या खर्चाने, हे कथेत ठरवताना आजचे नियम एकदा वाचून घ्या. इंटरनेटवर असतात. भाषा रूक्ष आहे, पण एकेका कलमात एकेक कथा पडलेली आहे.

त्यातलंच एक कलम तुम्हाला देऊन थांबतो. सात वर्षं माणसाचा काही ठावठिकाणा लागला नाही, तर तो मेला असं कायदा गृहीत धरतो. युद्धात बेपत्ता झालेल्याच्या बायकोला कुटुंब-पेन्शन मिळते. पळून गेलेल्याच्या बायकोला मिळत नाही. आता समजा, एका यानातले अकरा जण युद्धाच्या शेवटच्या दिवसांत बेपत्ता झाले आणि प्रत्यक्षात जिवंत राहिले. परत येऊन सांगितलं तर चौकशी होणार : यान सोडून का गेलात, आदेश कुणाचा होता? उत्तर पटलं नाही तर पळपुटे ठरणार, आणि घरची पेन्शन बंद, कदाचित मागची वसुलीही. मेलेले राहिले तर पोरांची शिक्षणं होतात. म्हणून ते मेलेले राहतात, आणि मेलेल्या माणसाला कायदेशीर काम कुणी देत नाही. यात चिडलेला कुणीच नाही. कप्तानाच्या गालावर व्रण असला काय आणि नसला काय. यातल्या एकाची बायको एके दिवशी दुसरं लग्न करायचं ठरवते, आणि त्या लग्नाने तिची पेन्शन चालू राहणार की बंद होणार हे त्याला वरून कुणाला विचारताही येत नाही.

ही कथा मला लिहिता येणार नाही, तो माझा प्रांत नव्हे. तुमच्यापैकी कुणीही घ्या, माझं नाव टाकायची गरज नाही. फॉर्म, नियम, कुठल्या कागदावर कुणाची सही लागते याबद्दल काही अडलं तर मात्र संपादकांमार्फत जरूर विचारा. तेवढं मला येतं.

कळावे, लोभ असावा.

आपला एक वाचक,
निवृत्त हवालदार (क्लार्क), सातारा जिल्हा